पुजलेला गठ्ठा

माफी लिहून दिल्याने हात झडतो का, असं हयवदनअण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि वसुमती तिसऱ्यांदाही कॉफीच पीत राहिली. ती त्यांची धाकटी बहीण. तेहतीस वर्षांची, बिनलग्नाची, गणितात बी.एस्सी. बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत ती गणकयंत्र चालवी. साहेबांनी बजावलं होतं, सोमवारपर्यंत चूक लेखी कबूल करा, नाहीतर यंत्र सोडून टायपिंगच्या खात्यात जा.

"चूक तुझी नसेलही," अण्णा म्हणाले, "मग काय साहेबाची म्हणणार आहेस?"

"कोणाची ते आधी शोधते."

बायकांनी हरवलेली किल्ली शोधावी, असं अण्णा पुटपुटले. तीही तुमच्याच खिशात निघते, असं सत्यवतीवहिनींनी आतून कळवलं.

भानगड अशी होती. विमानाच्या पंखांची गणितं फोर्ट्रान भाषेत लिहून येत. यंत्राला ती थेट कळत नसे. आधी भोकं पाडलेल्या कार्डांचा एक जाडजूड गठ्ठा आत घालायचा, तो दुभाष्या. मग गणिताची कार्डं. एकोणसत्तरच्या जानेवारीत या दुभाष्याची नवी आवृत्ती आली. तेव्हापासून नव्या पद्धतीने लिहिलेली गणितं यंत्र दारातूनच परत पाठवी. वसुमती कार्डं सांडून उलटसुलट लावत असणार, असं साहेबांचं निदान.

शनिवारी तिने कपाट उघडलं. वरच्या खणात जुना गठ्ठा, खालच्यात नवा. दोन्हींवर नाव एकच, फोर्ट्रान. मदतनीस बसवंत, बेळगावकडचा, वरून शोधायला लागे आणि पहिला सापडेल तो, म्हणजे नवी पद्धत न कळणारा जुनाच, उचले. नवा वर ठेवायला कोणी धजलं नव्हतं, कारण गेल्या दसऱ्याच्या आयुधपूजेला साहेबांनी स्वतः जुन्या गठ्ठ्याला हळदकुंकू वाहून तो वरच्या खणात बसवला होता. पुजलेलं आयुध पुढच्या पूजेआधी खाली कोण उतरवणार?

वसुमतीने उतरवलं. खण बदलले आणि बसवंताला कार्डं आत घालायला सांगितलं. यंत्राने गणित पुन्हा नाकारलं.

आत घातलेली कार्डं तिने उचलून पाहिली, तर बोटं लाल झाली. बसवंत कपाटाकडे गेलाच नव्हता. सारखी ये-जा नको म्हणून त्याने जुन्या गठ्ठ्याची नक्कल कधीच करून आपल्या टेबलाखाली ठेवली होती. जागा तोंडपाठ, मग कपाटात काय बदललं ते बघतो कोण? नकलेलाही त्याने कुंकू लावलं होतं, पक्षपात नको म्हणून.

तिने नक्कल जप्त केली. पाठ केलेली जागा विसर, दर वेळी कपाटातच बघ, असं त्याला सांगितलं. गणित सरळ सुटलं.

घरी अण्णा खूश झाले. काम तर मिटलं. आता दोन ओळी माफीच्या लिहून टाकाव्या, साहेबांचाही मान राहील, असं त्यांचं म्हणणं पडलं. पूजेमुळे विमानं अडली, असं कोणी वरिष्ठाला कळवतं का?

वसुमतीने चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"सोमवारी मी अहवाल देणार आहे. त्यात पूजा येईल, साहेबांचं नाव येईल. माफी येणार नाही."