गिअरबॉक्स गॅलरीत होता

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. अंधेरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. स्वतः मोजून बघितल्याशिवाय सही करायची नाही, असा स्वभाव. घरी कोणी अमावस्या-बिमावस्या काढली की मी टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणूनच हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले...

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी तीन मजली बिल्डिंग, आमचं घर तळमजल्यावर. मागे पत्र्याखाली पार्किंग, आणि आमची गॅलरी त्या पार्किंगलाच लागून. गाडी जुनी, निळी हॅचबॅक. तिचा क्लच पार गेला होता. फ्लायओव्हर चढताना इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागची हलायची नाही. गॅरेजला द्यायची तर होतीच, पण मला कधीपासून ते एकदा स्वतः उघडून बघायचं होतं. निलेश, माझा नवरा, म्हणाला, "एवढी हौस आहे ना, चल मग. वाट लागली तर टो करून नेऊ."

शनिवारी सकाळी लागलो. बॅटरी काढून घरात ठेवली. पुढून गाडी लोखंडी स्टँडवर चढवली, पुढची चाकं काढली. गिअर ऑइल काढलं, दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल ओढून बाहेर घेतले. इंजिन खाली येऊ नये म्हणून वरून आडवा वासा टाकून बांधलं. शेवटचा बोल्ट निघाला तरी गिअरबॉक्स इंजिनाला चिकटूनच. मी पहार घालून जोर लावला.

"हळू गं! छातीवर येईल माझ्या!" निलेश खालून ओरडला.

सुटला एकदाचा. जॅकवर घेऊन हळूहळू उतरवला, मग दोघांनी मिळून उचलून गॅलरीत पोत्यावर ठेवला. आत बघितलं तर क्लच प्लेट घासून घासून रिव्हेटपर्यंत आलेली. झकास! म्हणजे आमचं निदान बरोबर होतं.

जेवून, हात कसेबसे पुसून, नवा क्लच सेट आणायला दोघंही कुर्ल्याला गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानात मी प्लेट मापून बघत होते, तेवढ्यात मिलिंदचा फोन. मिलिंद म्हणजे वरच्या मजल्यावरच्या परबकाकूंचा मुलगा. तो पुण्याला असतो, काकू इथे एकट्याच.

"वैशाली, थँक्स यार..." त्याला बोलवत नव्हतं. "आईने सांगितलं, तू तिला वेळेवर नेलंस. डॉक्टर म्हणाले, अटॅक होता. अजून थोडा उशीर झाला असता तर..."

"मी? अरे, मी कुर्ल्याला आहे."

"असू दे गं. मी निघालोय, येतोच."

त्याच्याकडून हॉस्पिटलचं नाव घेतलं आणि आम्ही सामान तिथेच ठेवून थेट तिथे पोहोचलो. काकूंना ऑक्सिजन लावला होता, पण शुद्धीवर होत्या. मला बघून हसल्या. म्हटलं, काकू, तुम्हाला इथे कोणी आणलं?

"तूच गो!" त्या मास्क बाजूला करून म्हणाल्या. "जिन्यात घाम फुटून बसलंय. तू इलंस, हाताक धरलंस, गाडयेत बसवलंस. बोलाक मात्र एक शब्द नाय."

"काकू, मी नव्हते. आणि गाडी उघडून ठेवलीय आमची."

"माका खुळी समाजलंस काय?"

नर्सने आम्हाला बाहेर काढलं. जाताना काकूंच्या कपड्यांची पिशवी हातात दिली. बाहेर बाकावर बसून मी साडीची घडी करायला घेतली, तर ब्लाउजच्या बाहीवर काळ्या ग्रीसचा पंजा उमटलेला. मी त्यावर माझा हात ठेवला. बोटन् बोट बसलं. निलेश बघत होता.

घरी आलो तर आमचा वॉचमन गेटवरच. "काकी कशी आहे, मॅडम?" त्याने विचारलं. आमची गाडी निघाली तेव्हा गेट त्यानेच उघडलं होतं म्हणे. परत कधी आली, ते त्याला माहीत नव्हतं. मी त्याला हाताला धरून मागे नेलं. गाडी स्टँडवर, पुढची चाकं भिंतीला टेकवलेली, गिअरबॉक्स गॅलरीत पोत्यावर. तो वाकून गाडीखाली बघत राहिला. मग गेटवर जाऊन बसला. आजही तो विषय काढला की दुसरीकडे बघतो.

बॉनेट उघडून मी इंजिनावर तळहात ठेवला. कोमट होतं. "दुपारचं ऊन," निलेश म्हणाला. पण पत्र्याखाली ऊन येत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

सीसीटीव्ही? सोसायटीचा कॅमेरा बंदच असतो. हॉस्पिटलवाल्यांनी फुटेज दाखवायला नकार दिला.

नंतर क्लच बसवला, गाडी सुरू झाली. एरवी मी नाचले असते. त्या दिवशी मात्र नुसती स्टिअरिंग धरून बसून राहिले. भीती नव्हती वाटत. एकच विचार येत होता, मी तिथे नव्हते तर काकूंना हाताला धरून उठवणारी ती कोण?

काकूंना हॉस्पिटलमधून घरी सोडलं तेव्हा त्यांनी हट्टच धरला की वैशालीच्याच गाडीतून येणार. पुढे माझ्या शेजारी बसल्या, मागे मिलिंद आणि निलेश. सिग्नल सुटला, मी पहिला टाकला, दुसरा टाकला. नवा क्लच, थोडा कडक होता.

"आज गाडी हिसके देता गो," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी कशी पाण्यावरसून गेल्यासारखी गेली. तू गियराक हात पण लावूक नाय होतंस."

मी आरशात निलेशकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

मला याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मला खरंच जाणून घ्यायचंय. फक्त 'दुसरीच कोणीतरी बाई असेल' एवढं सांगू नका. ते निलेश रोज सांगतो... आणि रात्री झोपायच्या आधी गॅलरीत जाऊन गाडी जागेवर आहे का, तेही बघून येतो.