धाकटीचा ठिपका

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते, आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी जन्मात पाहिलेली नाही. हे मी तिच्या तोंडावरही सांगते. ती ऐकून घेते, सुईत दोरा ओवते आणि स्वतःला हवं तेच करते.

आमचं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मी पुढच्या टेबलावर कापड बेतते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. ती खिडकीपाशी पायाच्या मशीनवर बसून शिवते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, पडदे, उशांचे अभ्रे. माझा दीर गेला तेव्हा तिची लेक नुकती शाळेत जायला लागली होती. त्या मशीनवर धाकटीने तिला वाढवलं, शिकवलं, इंजिनिअर केलं. मला मूल नाही. ती पोर मला मोठी आई म्हणते, म्हणजे अर्धी माझीच. अर्धी कसली, तिचा शेंबूड मीच जास्त पुसलाय!

शिकली आणि उडाली. इतकी लांब नोकरी लागली, की आमचा दुपारचा चहा उकळतो तेव्हा तिच्याकडे उजाडत असतं. पहिल्या वर्षी येऊन गेली. मग सुट्टी मिळेना, मग तिकडेच लग्न झालं, मग नवीन घर. दरवेळी "पुढच्या वर्षी नक्की." धाकटी म्हणायची, "येईल हो, कामं असतात माणसाला." आणि कपाटातली लेकीची आकाशी चादर काढून धुवायची, वाळवायची, परत घडी घालून ठेवायची. कुणी अंगावर न घेतलेली चादर पुन्हा पुन्हा धुणारी बाई पाहिलीत कधी? मी बोलले की म्हणायची, "धूळ बसते, जाऊबाई."

एकदा तिला मशीनवरच चक्कर आली. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण बसून बसून शरीर कुरकुरायला लागलंय, रोज चाला. लेकीने तिकडे घर डोक्यावर घेतलं आणि पार्सलने एक घड्याळ धाडलं. वेळ दाखवायची सोडून ते सगळं करतं. पावलं मोजतं, नाडी मोजतं, बसून राहिलं की मनगटाला गुदगुल्या करून उठवतं. फोनमध्ये एक नकाशा उघडतो. एका टोकाला आमची गल्ली, दुसऱ्या टोकाला लेकीचं घर, मधे डोंगर, माळरान आणि चक्क समुद्र. आमच्या गल्लीत एक लाल ठिपका. तो म्हणजे धाकटी. जितकं चालेल तितका ठिपका पुढे, आणि वाटेत बक्षिसं.

"आई, तुझा ठिपका माझ्या दारात पोचला ना, की मी सुट्टी टाकून येते," लेक व्हिडिओवर म्हणाली. "शप्पथ! मोठी आई साक्षीदार."

मला कळत होतं, हे आमिष आहे. लहानपणी आम्ही दोघींनी तिला अशाच थापा मारून दूध पाजलंय. पण धाकटीने ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले.

आता चालायचं कधी? दुकान उघडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मशीन. उठावं तर गिऱ्हाईक दारात. त्यात गंमत अशी, की शिवताना हात कापडावर दाबलेले, जागचे हलत नाहीत. तेव्हा हे घड्याळ दिवसभर तिला सांगायचं, फार वेळ बसलात, उठा आता.

"मेलं!" धाकटी एक दिवस चिडली. तिला मी क्वचितच चिडलेलं पाहिलंय. "सकाळपासून पाय मारतेय, पोटऱ्या भरून आल्या, आणि हे मला आळशी म्हणतं?" तिने ते काढलं, चांगलं रुंद इलास्टिक घेतलं आणि घोट्यावर बांधलं.

"अगं, ते मनगटाचं आहे!"

"चालायचं पायाने आणि बांधायचं हाताला? बनवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही."

तिने मशीन चालू केलं. खटखट, खटखट. संध्याकाळी पाहिलं तर ठिपका गल्ली सोडून पार शहराबाहेर! फोनमधून शिट्ट्या वाजल्या, रंगीत कागद उडाले आणि एक सोनेरी बूट नाचत आला.

"लबाडी आहे ही," मी म्हणाले.

"पाय कुणाचे?"

"तुझे."

"दमलं कोण?"

"तूच."

"मग झालं तर."

त्या दिवसापासून तिला पडद्यांचं वेड लागलं. पडद्याची टीप सरळ, लांबच लांब, पाय थांबवायलाच नको. मी गिऱ्हाइकांच्या मागे लागून पडदे गोळा करायला लागले. हो, मीसुद्धा. पोर यावी असं मला काय कमी वाटत होतं? धाकटी दोरा तोडता तोडता म्हणायची, "आज डोंगर उतरले हो." ठिपका समुद्राशी आला तेव्हा मी विचारलं, "आता गं? बुडशील की." म्हणाली, "तुम्ही पडदे आणा, मी पोहून जाते." इतकं हसताना तिला मी दीर असतानाच पाहिलं होतं.

पण एक झालं, आणि ते तिच्याआधी माझ्या लक्षात आलं. पूर्वी लेकीचा रोज फोन यायचा. गोळी घेतलीस का, चक्कर आली का, झोप लागली का. ठिपका पळायला लागला तसे फोन कमी झाले. नुसता अंगठा यायचा. मग आठवड्याने एकदा बोलली, तर म्हणाली, "आई, तुझी काळजीच मिटली बघ! ऑफिसातल्या पोरींना दाखवते, माझी आई माझ्या दुप्पट चालते म्हणून. आणि ऐक, मशीनला मोटर बसवून देते. एवढं चालून आल्यावर परत पाय कशाला मारायचे?"

"नको नको," धाकटी गडबडीने म्हणाली, "मोटरचा आवाज नाही सहन होत मला."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी तोंड उघडलंच होतं. धाकटीने टेबलाखालून माझा पाय दाबला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "सांगू नका, जाऊबाई. ठिपका मागे नेईल ती." तिच्या डोळ्यांत खरंच भीती होती. मी नाही सांगितलं.

शेवटी ठिपका पोचला. धाकटी राखाडी पडद्याची खालची पट्टी मारत होती. फोनने असा काही गोंगाट केला, की दारातलं गिऱ्हाईक दचकलं. अभिनंदन, आपण पोहोचलात! खाली लेकीच्या घराचा फोटो. तपकिरी दार, दोन पायऱ्या, दोन कुंड्या. धाकटीने बोटांनी ते दार मोठं करून करून पाहिलं.

"कुंड्यांना पाणी घालत नाही मेली," ती म्हणाली.

लेक उठायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी फोन मधे ठेवून बसलो. चहा टाकला, तो तसाच निवला. मग लेकीचाच फोन आला.

"आई! कमाल केलीस! पण अगं, आत्ताच एक मोठं काम अंगावर पडलंय. आणि तू तर ठणठणीत आहेस, मग घाई काय? पुढच्या वर्षी नक्की. तोवर तुला नवा रस्ता लावून देते, याच्याहून लांबचा!"

"बरं," धाकटी म्हणाली.

मी फोन हिसकावेपर्यंत तो बंद झाला होता. मी त्या पोरीला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं. धाकटीने घोट्याचं इलास्टिक सोडलं, घड्याळ बटणांच्या डब्यात ठेवलं आणि पडद्याची राहिलेली पट्टी पुरी करायला घेतली.

"अगं, बांध की ते. नवा रस्ता दिलाय ना?"

"आत्ताच तर पोचले, जाऊबाई. चार दिवस राहू दे की मला लेकीकडे."

मला वाटलं थट्टा करतेय. ती हसत नव्हती. मी मागच्या मोरीत गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. खोटं कशाला सांगू?

ठिपका तपकिरी दाराशी उभाच राहिला. धाकटी पाय मारत होती, पडदे संपत होते, आणि नकाशावर काही हलत नव्हतं. मग एक दिवस चहाच्या वेळी फोन वाजला. लेक अंथरुणातूनच बोलत होती, केस विस्कटलेले.

"आई, काय झालं? बरं नाही का? ठिपका हललाच नाही इतके दिवस! चालत का नाहीस?"

धाकटीने चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"कुठे चालू, बाळा? तुझ्या दारातच उभी आहे मी. तू दार उघडतेस का, म्हणून वाट बघतेय."

पलीकडचं चित्र हलायला लागलं. लेक उठून फोन हातात घेऊन चालत होती. अंधारा बोळ दिसला, चपला दिसल्या, तपकिरी दार आतून दिसलं. तिने कडी काढली. वेडी पोर, तिने खरंच दार उघडलं. बाहेर कुणीही नव्हतं. झुंजूमुंजू उजेड, दोन पायऱ्या आणि वाळलेल्या दोन कुंड्या. ती तिथेच पायरीवर बसली. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते हुंदके ऐकू येत होते. मी हातातली कात्री खाली ठेवली.

मग लेक म्हणाली, "आई, माझी चादर धुऊन ठेव."

"धुतलेलीच आहे," धाकटी म्हणाली.