चौदा नंबरचा दाखला

चौदा नंबरच्या इंजिनाने क्लेम नोस्केला जन्मभर छळलं होतं आणि आता मरतानाही ते सरळ मरायला तयार नव्हतं.

क्लेम सोळाव्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या नॅरॅन्डेरा गावच्या रेल्वे शेडमध्ये फिटरचं काम शिकायला आला, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. तेव्हा तिथे चाळीस माणसं होती. आता क्लेम, ड्रायव्हर डॅरिल टूही आणि बाकी माश्या. गव्हाच्या गाड्या ओढायला दोन म्हातारी डिझेल इंजिनं होती, चौदा आणि सतरा. त्यातलं चौदा सुगीआधी भंगारात काढा, असं सिडनीच्या ऑफिसने कळवलं तेव्हा क्लेमला आनंद लपवता येईना. चौदा नंबर तेल ओकायचं आणि ऐन डिसेंबरच्या उन्हात, मागे तीस डबे गहू असताना, हटकून बंद पडायचं. सतरा मात्र शहाणं होतं. त्याचा बोल्ट न् बोल्ट क्लेमने स्वतः खोलून बसवला होता, आणि ते पहिल्या दमात सुरू व्हायचं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती एकट्या सतराबरोबर सुखाने काढावीत, एवढंच क्लेमचं मागणं होतं.

पण भंगारयार्ड पडलं साडेपाचशे किलोमीटरवर. बंद इंजिन गाडीला जोडून न्यायचं तर ते रुळांवरून धड जाईल, असा फिटरच्या सहीचा दाखला लागतो. क्लेमने चौदा तपासलं. तिसऱ्या अ‍ॅक्सलचं बेअरिंग गेलेलं, ब्रेक ब्लॉक झिजून पापड झालेले. त्याने ‘अयोग्य’ असं लिहिलं आणि नसती आफत ओढवून घेतली.

सगळ्या गावाला वाटलं, क्लेमने इंजिन वाचवायला ही युक्ती काढली. वागा शहरातून दोन रेल्वेवेडे कॅमेरे आणि डबाभर लॅमिंग्टन केक घेऊन हजर झाले.

“मिस्टर नोस्के, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जुनी इंजिनं टिकून आहेत हो!”

“अहो, मला ते टिकवायचं नाहीये!” क्लेम ओरडला. “मला ते घालवायचंय! बेअरिंग गेलंय त्याचं!”

“कळलं, कळलं,” एकाने डोळा मारला. “बेअरिंग.”

घरी बायको बेरिलही त्याच्याकडे कौतुकाने बघायला लागली. इतक्या वर्षांत तिने असं कधी बघितलं नव्हतं, त्यामुळे क्लेमला जास्तच राग आला.

ऑफिसातल्या हॅलोरनबाई फोनवर फार गोड बोलायच्या. “क्लेम, शेवटी ते कापायलाच चाललंय ना? मग करून टाका की सही.”

“बाई, ते कापायच्या आधी वाटेतल्या आठ गावांतून जायचंय. बेअरिंग पेटलं तर कुणाच्या दारात पेटेल?”

“मग काय लागेल ते सांगा, पाठवते.”

आणि खरंच पाठवलं! सहा दिवसांत लॉरी दारात. नवीन बेअरिंगसकट अख्खी चाकांची जोडी, ब्रेक ब्लॉकची पेटी, वर होजपाइप फुकटात. तीन वर्षं क्लेम याच वस्तूंसाठी अर्ज करून थकला होता. इंजिन धावत होतं तेव्हा मंजुरी नव्हती, आता ते कापायचं म्हणून सगळं मिळालं. क्लेमने पेटीला अशी लाथ मारली की दोन दिवस लंगडत होता.

त्याने आणि डॅरिलने जॅक लावून चार दिवसांत चाकं बदलली, ब्रेक बसवले. मग त्याने चौदाच्या दाखल्यावर ‘योग्य’ असं लिहून झोकात सही ठोकली. सुटलो एकदाचा, असं त्याला वाटलं.

सोमवारी हॅलोरनबाईंचा फोन आला.

“क्लेम, आनंदाची बातमी! कॉम्प्युटरवर चौदाला नवी चाकं, नवे ब्रेक दिसतायत. सतराची मोठी दुरुस्ती मात्र जूनमध्ये येतेय. म्हणून साहेबांनी बदल केलाय. चौदा ठेवायचं, सतरा पाठवायचं. त्याचा तेवढा दाखला द्या.”

“बाई,” क्लेम म्हणाला, “तुम्ही चुकीचं इंजिन कापताय.” तो पाऊण तास भांडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि साहेबांचा निर्णय झालाय, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेम हातोडी घेऊन सतराखाली शिरला. एक दोष मिळाला तरी पुरे होता. त्याने प्रत्येक चाक ठोकलं, स्प्रिंगा चाचपल्या, बेअरिंगची झाकणं उघडून बोटाने ग्रीस काढून पाहिलं, ब्रेक पाच वेळा लावले, सोडले. दुपारी डॅरिल मटणाचं पॅटिस घेऊन आला तेव्हा तो अजून खालीच होता.

“मिळालं काही, म्हाताऱ्या?”

“नाही.”

“मग लिही की काहीतरी. कोण बघायला येतंय इथं?”

“चांगल्याला खराब लिहिलं, तर उद्या खराबाला चांगलंही लिहीन. मग बसशील तू त्यावर?”

क्लेम सरपटत बाहेर आला आणि रुळावर बसला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने पुसलंही नाही.

“तडा नाही रे कुठं. एक बोल्ट ढिला नाही. कसा असेल? दर शनिवारी येऊन मीच आवळलेत.”

डॅरिलने पॅटिस पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. फॉर्म मांडीवर ठेवून त्याने जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या कामाला एक सणसणीत शिवी हासडली, ‘योग्य’ असं लिहिलं आणि सही केली.