राणी, खुर्ची आणि मामंजींचं खाकरणं

आमच्या घरात सासरे उंबऱ्याबाहेर खाकरतात आणि मग आत येतात. ते खाकरले की सुनांनी हातातलं काम टाकायचं, डोक्यावर पदर घ्यायचा आणि उठून उभं राहायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हे शिकवलं आणि ते अंगात असं मुरलं, की तव्यावरची भाकरी करपली तरी चालेल, पण मी उठले नाही असं कधी झालं नाही. सरपंच झाले तरी त्यात फरक पडला नाही. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावचं पद बायकांसाठी राखीव निघालं, घरच्यांनी माझा अर्ज भरला, मी निवडून आले आणि दुसऱ्या दिवसापासून गाव ह्यांना सरपंच म्हणायला लागलं. मी आधी होते तीच राहिले, मोठ्या घरची धाकटी सून.

खुर्चीत हे बसायचे, मी सही करायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. विहिरीचा विषय निघेपर्यंत.

गावाला पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झाली होती. पाणी बघायला आलेल्या साहेबांनी दोन जागा दाखवल्या. एक गायरानात, खालच्या वस्तीला लागून. दुसरी आमच्या मोसंबीच्या बागेच्या बांधावर. मामंजी लगेच म्हणाले, बांधाची जागा गावाला दान देतो. ऐकणाऱ्याला वाटावं केवढं मोठं मन! पण उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी आधी कुठं जाणार, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. खालच्या वस्तीतल्या बायका टँकरमागे हंडे घेऊन पळताना मी दर चैत्रात बघत होते. मत मागायला त्यांच्याच ओट्यांवर बसून मी पाण्याचा शब्द दिला होता. तो शब्द ह्यांनी नाही, मी दिला होता.

म्हणून विहिरीची जागा ठरवायच्या ग्रामसभेला मी पहिल्यांदा खुर्चीत जाऊन बसले. हे चपापले, पण चारचौघांत काही बोलले नाहीत. तेवढ्यात सभेच्या शेडच्या दारात कुणीतरी खाकरलं.

मामंजी ग्रामसभेला कधी येत नसत. त्या दिवशी आले. आणि मी, गावची सरपंच, पदर सावरत ताडकन उभी राहिले! ह्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि बसले. "तू बस तिकडं बायांत," म्हणाले. माझं नशीब, की सभेला पुरेशी माणसंच जमली नव्हती. सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा घ्यायची आणि तिथं जे ठरेल ते पक्कं, असं ग्रामसेवकांनी सांगितलं. घरी आल्यावर मला माझ्याच पायांचा इतका राग आला की काही विचारू नका.

माझी मुलगी भोकरदनच्या कॉलेजात इतिहास शिकते. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नाही, त्यामुळे तिचा अभ्यास माझाही होतो. त्या आठवड्यात ती इजिप्तच्या एका राणीचं वाचत होती. राणीचं नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही, मी तिला राणीच म्हणायचे.

"आई, हिला काय काय म्हणायचे बघ. राजाची मुलगी, राजाची बहीण, राजाची थोरली बायको."

"आन् ती सोता कोन?"

"तेच तर. राणी म्हणजे राजाची बायको, बस."

मी पीठ मळायची थांबले. राणीचा नवरा मेला तेव्हा गादीवर बसायचा तो सवतीचा मुलगा लहान होता. आधी राणीनं त्याच्या नावानं कारभार बघितला, मग मुकुटच डोक्यावर घेतला. पुतळ्यांत तिला राजासारखी दाढी लावलेली आहे. दूरदेशी गलबतं धाडून तिनं धुपाची झाडं मुळांसकट आणवली. आणि ती मेल्यावर काही वर्षांनी भिंतींवरची तिची चित्रं छिन्नीनं खरवडून काढली.

"कोनी?"

"त्याच सवतीच्या पोरानं, म्हणतात."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. भिंतीवर इकडं तिकडं देव जसेच्या तसे, आणि मधे राणी उभी होती तिथं नुसता तिच्या आकाराचा खरवडलेला खड्डा. तो फोटो माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. राणीला निदान मेल्यावर खरवडली, मला तर हे जिवंतपणीच खुर्चीतून पुसून राह्यलेत, असं वाटून गेलं.

"दाढी लावून जाऊ का मंग सभेला?" मी म्हटलं. मुलगी हसली नाही. "दाढी नको," ती म्हणाली, "तू फक्त उठू नको."

मग आमची तालीम सुरू झाली. दुपारी घरात कुणी नसलं की मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसायची आणि मुलगी बाहेर जाऊन आजोबांसारखी खाकरायची. पोरगी हुबेहूब खाकरते. आणि मी प्रत्येक वेळी उठायची! ठरवून बसलेली, ती मुलगीच आहे हे माहीत असलेली, तरी उठायची. शेवटी ती वैतागली. "पाय खुर्चीच्या पायांमागं अडकव. उठायला गेलीस तर पडशील." तसं केल्यावर कुठं जमलं.

सभेच्या दिवशी सकाळी हे चहा पिताना म्हणाले, "आज तू येऊ नको. बरं न्हाई म्हनून सांगतो मी."

"मला बिलकुल बरं हाये."

"आन् आबा आल्यावर काय करशील?"

मी त्यांची कपबशी उचलून मोरीत नेली.

शेड भरली होती. खालच्या वस्तीतल्या बायका मागं दाटीनं बसल्या होत्या. मी खुर्चीत बसले आणि पाय मागं अडकवले. ग्रामसेवकांनी कागद उघडले आणि दारात मामंजी खाकरले.

माझा हात आपोआप पदराकडं गेला. पदर मी नीट घेतला, त्यात मला कमीपणा नव्हता. पण उठले नाही. पाय उठायला गेले, खुर्ची करकरली. मामंजी दारातच थांबले. मी उठायची ते वाट बघत होते आणि सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. हे माझ्या मागं येऊन उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

"ऊठ जल्दी," कानाशी म्हणाले. "आबा उभे हायेत."

"मामंजी," मी म्हटलं. त्यांच्याशी एवढ्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते. "बसा. सभा सुरू झाली."

ते बसले नाहीत. मी ग्रामसेवकांना विषय वाचायला सांगितला. विहीर गायरानात घ्यावी म्हणणाऱ्यांनी हात वर करा, म्हटलं. क्षणभर एकही हात हलला नाही. मामंजी दारात उभे, त्यांच्यादेखत हात कोण वर करणार? मग मीच माझा केला. मागून एका म्हातारीचा झाला, तिच्या शेजारणीचा झाला, आणि मग बायकांनी भराभर हात वर केले. पुरुषांचे सगळ्यात शेवटी आले. ह्यांचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. ठराव झाला तेव्हा मी दाराकडं पाहिलं. मामंजी निघून गेले होते.

विहिरीला चांगलं पाणी लागलं. खालच्या वस्तीत आता टँकर येत नाही आणि बायका मला नुसतं सरपंच म्हणतात. त्याचा आनंद मी लपवत नाही.

मामंजी मात्र त्या दिवसापासून खाकरत नाहीत. घरात थोरल्या जाऊबाई एकट्या असल्या तर ते खाकरतात. घरात मी असले की सरळ आत येतात, रिकाम्या घरात यावं तसे. मी पावलं ओळखून पदर घेते, उठून उभी राहते. ते मी तिथं नसल्यासारखे पुढं जातात आणि पाणी मुलीकडं मागतात.

हे म्हणतात, माफी माग, होईल बराबर. मी मागणार नाही. पण कुणी दारात खाकरलं की अजून माझे कान टवकारतात, आणि ते मामंजी नसले की डोळ्यांत पाणी येतं.