टी कॅनोलचं मागचं दार

शनिवार, सकाळचे दहा वाजून सहा मिनिटं. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली आणि मेनिरने वरच्या पलंगांवरच्या चादरी ओढून जिन्यावरून खाली टाकल्या. दहाला जुने पाहुणे घर सोडतात, चारला नवे येतात. मधल्या वेळात चादरी, टॉवेल, न्हाणी, ओव्हन, खिडकीच्या काचांवर बसलेलं मीठ, आणि पाहुण्यांनी कुत्रा आणला असेल तर कोचावरचे केस. आमच्या किनाऱ्यावरची निम्मी घरं अशी आठवड्याच्या भाड्याने जातात. स्वयंपाक पाहुण्यांनी स्वतः करायचा, म्हणून प्रत्येक घरात सुऱ्या भरपूर असतात आणि धार एकीलाही नसते.

मेनिरकडे साफसफाईला अशी चार घरं आहेत. तीन ती भाचीच्या मदतीने उरकते, हे एक मात्र एकटी करते. दारावरच्या पाटीवर आता ‘सीगल कॉटेज’ लिहिलं आहे, पण गावात कोणी ते नाव घेत नाही. गावासाठी ते अजून टी कॅनोल आहे, म्हणजे मधलं घर. दोन्ही बाजूंची घरं कधीच पडली, नाव राहिलं.

आज मेनिरचं लक्ष कामात नव्हतं. बारा वाजायच्या आत येणाऱ्या बसने एलुनेद यायची होती, आणि मागच्या दाराचं काय झालं हे मेनिरने तिला सांगितलं नव्हतं.

एलुनेद चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. टी कॅनोल तिचं. म्हणजे होतं. नवरा ग्विलिम गेल्यावर ती एकटी राहिली, मग गुडघे गेले, मग एका हिवाळ्यात ती जिन्यात पडली. जवळच राहणारी मेनिर तेव्हा रोज डोकावायची. “घर विका, मावशी,” तीच म्हणाली होती. “ओल तुमच्या हाडांत जाईल. शहरात वयस्कांसाठी फ्लॅट आहेत, लिफ्ट आहे, हीटर आहे.” एलुनेदने विकलं. दूर चेशायरला राहणाऱ्या मिसेस ॲश्बींनी घेतलं, ओल काढली, एकाच्या दोन बाथरूम केल्या आणि साफसफाईला गावातलं कोणी आहे का म्हणून विचारलं. म्हणजे घर गेलं एलुनेदचं आणि काम लागलं मेनिरला. यावर दोघी कधी बोलल्या नाहीत. एलुनेद फक्त टोमणा मारायची, “मी पन्नास वर्षं हीच फरशी पुसली, मला कोणी दमडी दिली नाही. तू शहाणी.”

फ्लॅटमध्ये गेल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात एलुनेद एका शनिवारी बसने आली. हातात पत्र्याचा डबा, डब्यात ‘बाराब्रीथ’ नावाचा, चहात भिजवलेल्या मनुकांचा आमच्याकडचा पाव. पाहुण्यांसाठी टेबलावर असा पाव आणि फ्रिजमध्ये दूध ठेवायची पद्धत आहे. “दुकानातला ठेवतेस म्हणे,” ती म्हणाली. “माझ्या घरात?” तेव्हापासून दर शनिवारी ती भरला डबा आणायची, रिकामा न्यायची. मधला तासभर स्वयंपाकघरात कोट न काढता बसायची, चहा प्यायची आणि मेनिरच्या कामाला नावं ठेवायची. पाहुणे पावाची तारीफ लिहून जायचे. मिसेस ॲश्बींना वाटायचं, पाव मेनिर करते.

ती यायची मागच्या दाराने. इथे सगळेच तसे येतात, न ठोठावता, नाव घेत. समोरचं दार दोघांसाठी: चॅपलचे पाद्री आणि शवपेटी. टी कॅनोलचं समोरचं दार ग्विलिमसाठी शेवटचं उघडलं होतं. पुढे पाहुण्यांनी ते रोजच्या वापरात आणलं.

सप्टेंबरात एका कुटुंबाने घर सलग दोन आठवडे घेतलं. म्हणजे मधल्या शनिवारी घर रिकामं होणार नव्हतं. मेनिरला हे ठाऊक होतं. एलुनेदला फोन करायचा होता, पण त्या दिवशी दुसऱ्या घरातली मोरी तुंबली आणि फोन राहून गेला. एलुनेद नेहमीसारखी मागून आत शिरली. आत सहा माणसं रात्रीच्या कपड्यांत नाश्त्याला बसलेली.

“आपल्याला काही हवंय का?” हातात कालथा धरलेल्या गृहस्थाने विचारलं.

“माझी किटली,” एलुनेद म्हणाली.

माणसं चांगली होती. त्यांनी तिला बसवलं, चहा दिला. त्यातल्या बाईने तिला घरही दाखवलं. ही बैठक, इथून समुद्र दिसतो, हा जिना जरा जपून. एलुनेद तिच्या मागून फिरली, मान डोलावली, घर आपलं होतं हे सांगितलं नाही. डबा टेबलावर ठेवून गेली. पाहुण्यांनी मिसेस ॲश्बींना कळवलं, गावातल्या एक गोड आजी येऊन गेल्या, मजा आली, पण मागच्या दाराला कुलूप नाही हे आपल्याला माहीत असावं.

मिसेस ॲश्बी वाईट बाई नाहीत. त्या रागावल्या नाहीत, चौकशीही केली नाही. त्यांनी गवंडी पाठवला. चार दिवस घर रिकामं होतं, तेवढ्यात त्याने दार काढून तिथे दगड भरले, बाहेरून चुना मारला. आतून त्या जागी उंच फ्रिज आला.

एलुनेद तीन शनिवार आली नाही. चौथ्या आठवड्यात तिचा फोन आला, “शनिवारी घर मोकळं आहे का? नीट बघून सांग हो, बाई.”

“आहे. या.”

एवढंच मेनिर बोलली. फोन ठेवल्यावर तिने परत उचलला, आणि पुन्हा ठेवला.

बस वेळेवर आली. मेनिर ओव्हनचा पत्रा घासत होती, तेव्हा तिला घराच्या कडेने येणारी काठी ऐकू आली. काठी थांबली. मग भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज. कडी जिथे होती तिथे. मेनिर हातातला काथ्या टाकून खिडकीकडे धावली.

“मावशी! समोरून या. मी दार उघडते.”

“समोरून?” एलुनेद म्हणाली. “का, कोण वारलंय?”

“सांगणार होते मी तुम्हाला.”

“केव्हा? मी नाक आपटून घेतल्यावर?” तिने भिंत काठीने ठोकून पाहिली. “काम मात्र चांगलं केलंय. कोणाचं, हिविन गवंड्याच्या मुलाचं?”

“हो.”

“बाप रांगेत दोन दगड बसवू शकत नव्हता.”

“मावशी, दोनच पायऱ्या आहेत. हात देते. कोणी बघत नाही.”

“त्या दारातून ग्विलिम गेला. नंतर मी जायचं ते त्याच्यासारखंच, असा माझा हिशोब होता.” ती कोळशाच्या कोठडीच्या कट्ट्यावर बसली. “आता मी जाणार त्या लिफ्टमधून. लिफ्ट एवढीशी. बहुतेक उभीच नेतील.”

मेनिरला हसू आलं आणि ते आलं याची लाजही वाटली. तिने चहा केला, खिडकीतून कप दिला. एलुनेदने खिडकीतून डबा आत सरकवला.

“पोस्टमनलासुद्धा मी आत बसवायची,” ती म्हणाली. “चहात साखर घातलीच नाहीस.”

मेनिरने साखर दिली. वारा समुद्रावरून थेट येत होता, पाच मिनिटांत चहा गार झाला. एलुनेदने तो पुरा प्यायला.

“मी ‘विका’ म्हणाले नसते तर,” मेनिरने सुरुवात केली.

“तर मी जिन्याखाली मेले असते आणि तुला वास आल्यावर कळलं असतं. पुरे. पाव ताटलीत काढ आणि डबा दे.”

“तो राहू दे ना. पुढच्या वेळी न्या. हा मागचा रिकामा आहे की.”

“दोन्ही दे.”

मेनिरने पाव ताटलीत काढला, वर फडकं घातलं आणि दोन्ही डबे खिडकीतून दिले. एलुनेदने लहान डबा मोठ्यात बसवला. थांब्यापर्यंत मेनिर बरोबर गेली, हात धरायला तिने दिला नाही. ती बसच्या पायरीवर चढली तेव्हा मेनिर म्हणाली, “माझ्याकडे या मग. उद्याच या जेवायला. माझं मागचं दार उघडंच असतं.”

“बघू उद्या,” एलुनेद म्हणाली आणि ड्रायव्हरला पास दाखवला.

चार वाजता नवे पाहुणे आले. त्यांनी समोरच्या दाराच्या कुलपाचे आकडे दाबले आणि आत जाऊन आधी पाव कापला.

उद्या रविवार. आमच्या रस्त्याला रविवारी बस नसते.