तेल चुकीचं नव्हतं

गौतमदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पेशंटला टेबलावर झोपवत होते. कंधारहून रमावहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमचे दादा गेले... छातीत कळ आली न् बसल्या जागीच." महिना होत आला.

एक्स-रे, सीटी स्कॅनची यंत्रं दुरुस्त करणारा इतका जाणता माणूस नांदेड-लातुरात मी दुसरा पाहिला नाही. लातूरच्या स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन म्हणून नवी होते, तेव्हा त्यांनीच मला यंत्र समजावलं. "किरण ज्या ॲनोडमधून निघतात ना ताई, तो तापून लालबुंद होतो. भोवती तेल फिरून राहिलं म्हणून ट्यूब जगते. तेल थांबलं की खेळ खलास."

एका उन्हाळ्यात ते तेल फिरवणारा पंप दमला. यंत्र तापून आपोआप बंद पडू लागलं. पंप बदलेपर्यंत यंत्र चालवू नये, असं दादांनी लेखी दिलं. मालक डॉक्टरांनी त्यावर सही केली आणि दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी आणून, तापल्यावर यंत्र बंद करणारा स्विचच निकामी केला. मला म्हणाले, "थांबायचं नाही." मी थांबले नाही.

तिसऱ्या दिवशी दादा सहज डोकावले, जळका वास येताच आत धावले. टेबलावर औशाच्या एक आजी होत्या. त्यांना ओढून बाजूला केलं, तेवढ्यात तेलाची नळी फुटली... कढतं तेल दादांच्या उजव्या हातावर. बोटं पुन्हा नीट वळलीच नाहीत. डॉक्टरांनी गावभर सांगितलं, यानंच चुकीचं तेल भरलं. लातुरात दादांना कुणी बोलावेना. आणि मी? नोकरी सांभाळत गप्प बसले. दादांच्या पत्राची प्रत तेवढी जपून ठेवली.

कंधारच्या शोकसभेत बुद्धवंदना झाली आणि तेच डॉक्टर बोलायला उभे राहिले. "गुणी माणूस. एका चुकीनं मागं पडला." माझं डोकंच फिरलं. माइक ओढून घेतला, पत्र वाचलं, खालची सही कुणाची तेही सांगितलं. डॉक्टर पुटपुटले, "मॅडम, बाहेर बोलू."

"नाही. इथंच. बसा."

डॉक्टर दाराकडे निघाले, पण दारातले लोक हलले नाहीत. त्यांना बसावं लागलं. त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला गोड वाटलं, अजूनही वाटतं. दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. मी ते पत्र लातूरच्या प्रत्येक सेंटरवर नेऊन दिलं. माफ करायला मला जमणार नाही.

सभेनंतर वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. रस्त्याकडच्या खिडकीपाशी दादांची खुर्ची होती. तिच्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या,

"इथं बसून लई वाट बघितली त्यांनी, ताई... तुम्ही कधी बोलाल म्हणून."