कशाच्या आत रंगवू?

बहिणीची पाच वर्षांची सई सुट्टीत आमच्याकडे आली होती. मी तिच्यापुढे कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले. ती नुसतीच बसून राहिली.

"अगं, काढ ना काहीतरी!"

"मावशी, यात चित्रच नाहीये. मी कशाच्या आत रंगवू?"

रेघेबाहेर रंग जाऊ द्यायचा नाही, हे या बोटांना इतक्या लवकर कळलं? आणि पहिली रेघ आपण मारायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही?

मी तिला अंगणात नेलं आणि तिचे हात ओल्या मातीत बुडवले. ती दचकली. "आई ओरडेल!"

"नाही ओरडणार."

बराच वेळ तिने चिखल चिवडला. मग पायरीवर पंजा दाबला, उचलला आणि त्या ठशाकडे डोळे विस्फारून बघत कुजबुजली, "मावशी, हे मी काढलं?"